नवमीचा फोटो: जुन्या नाशकातल्या एका फ्रेमचं प्रकरण

पोळा होऊन दोन दिवस झाले होते, गणपती तोंडावर, त्यामुळे दुकानात बॅनरवाल्यांची गर्दी, आणि त्या गर्दीत दोन चुलत भाऊ वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक फ्रेम घेऊन उभे. माझं दुकान रविवार कारंज्याजवळ. मुख्य धंदा स्कॅनिंग आणि प्रिंटचा, पण जुने फोटो दुरुस्त करतो हे लोकांना माहितीये म्हणून महिन्यातनं एकदोन अशा गोष्टी येतातच. बहुतेक वेळा साठ-सत्तरच्या दशकातलं लग्न असतं, पाणी लागलेलं. हे तसं नव्हतं.

आडनाव सांगत नाही. जिल्ह्यातलं जुनं मराठा सरदार घराणं, इनामं होती, तिवंध्याच्या बाजूला वाडा होता म्हणजे अजून आहे पण बिल्डरशी बोलणी झालीयेत. वाडा रिकामा करताना भांडी, तलवारी, कागद यांच्या वाटण्या शांततेत झाल्या आणि भांडण लागलं ते या एका फोटोवरनं. थोरल्या पातीचे ते दादा, धाकट्या पातीचे ते आप्पा, मीही तेच म्हणतो.

फोटोत एक बाई. खुर्चीत बसलेली, डोक्यावरनं पदर, फिकट रंगाचं नऊवारी लुगडं, नाकात मोत्याची नथ, कपाळावर चांगलं ठसठशीत गोल कुंकू. भोवती अंडाकृती कापलेला जाड पुठ्ठ्याचा माउंट, त्यामुळे चेहरा, खांदे आणि छातीपर्यंतचाच भाग दिसायचा. काचेवर कपाळाच्या जागी हळदी-कुंकवाचा थर इतका जुना की बोटाने जाईना.

कारण हा फोटो नुसता भिंतीवरचा नव्हता. दरवर्षी भाद्रपदात अविधवा नवमीला, म्हणजे नवरा हयात असताना (अहेव) गेलेल्या बायकांच्या श्राद्धाच्या दिवशी, तो खाली उतरवायचा, पाटावर ठेवायचा, हार, नैवेद्य, सवाष्ण जेवायला, खणानारळाची ओटी. घरात सांगत आले ते असं की या थोरल्या आऊसाहेब, मूळ सरकारांच्या पहिल्या पत्नी, अहेवपणी गेल्या. पहिल्या वारल्या, मग सरकारांनी दुसरं लग्न केलं, त्या धाकट्या आऊसाहेब. मूलबाळ दोघींनाही नाही. सरकार गेल्यावर धाकटीने दत्तक घेतला आणि आजचं सगळं खटलं त्या दत्तकाचं. नवमीचा मान अर्थातच थोरलीला, धाकटी विधवा होऊन गेली ना.

दादांचं म्हणणं, ही थोरली आणि फोटो राजा दीनदयाळांनी काढलेला. आप्पांचं म्हणणं, ही थोरली वगैरे काही नाही, ही दत्तक पुत्राची बायको, म्हणजे आमची पणजी, तिचं नाक आणि माझ्या बहिणीचं नाक सेम आहे. (नाकावरनं वंशावळ लावणारे लोक मी इतके बघितलेत की आता काही बोलत नाही.) मला काम दिलं ते एवढंच, फोटो किती जुना ते सांगा, बाकी आम्ही बघून घेऊ.

दीनदयाळांचं आधी निकालात काढतो, कारण महाराष्ट्रातल्या प्रत्येक सरदार घराण्याला आपला फोटो दीनदयाळांनीच काढला असं वाटतं. माणूस जन्मला १८४४ साली सरधन्याला, रुरकीला शिकला, इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात नोकरीला लागला आणि फोटोग्राफी हातात घेतली १८७४ च्या सुमारास, तीही हौस म्हणून. पुढे निजामाचा दरबारी फोटोग्राफर झाला, सिकंदराबादेत स्टुडिओ टाकला, निजामाने राजा किताब दिला तो १८९४ मध्ये, आणि मुंबईत स्टुडिओ उघडला १८९६ ला. म्हणजे थोरली १८७४ च्या आधी वारली असेल तर तिचा फोटो त्यांनी काढणं शक्यच नाही. वर ह्या कार्डाच्या पाठीवर छापलेलं नाव अर्धं वाळवीने खाल्लेलं असलं तरी जे उरलंय ते त्यांचं नाही, एवढं सरळ दिसत होतं. खाली फक्त बॉम्बे वाचता येतं.

दादा जरा हिरमुसले. मी म्हटलं अहो त्यांच्याआधीही मुंबईत रग्गड फोटोग्राफर होते, आपलेच लोक होते. आणि ते खरंय. कॅमेरा जगाला कळला १८३९ ला आणि मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५४ ला, म्हणजे कलकत्ता-मद्रासच्या दोन वर्षं आधी. भाऊ दाजी लाड त्या सोसायटीत होते, त्यांचे बंधू नारायण दाजी तर स्वतः फोटो काढायचे. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ ला फोटोग्राफीचा वर्ग निघाला, हरिश्चंद्र चिंतामण हे त्या वेळचं मुंबईतलं दुसरं मोठं नाव. तेव्हा साहेब कॅमेरा घेऊन आला आणि आपण नुसते समोर बसलो असं काही नव्हतं, कॅमेऱ्यामागेही आपली माणसं लवकर गेली.

समोर बसणारे मात्र ठरावीक. पैसा लागायचा, आणि पैसा असून बाईला समोर बसवायचं म्हणजे आणखीच अवघड. जयपूरचे महाराजा सवाई रामसिंग स्वतः कॅमेरा चालवायचे म्हणून त्यांनी आपल्याच जनान्यातल्या बायकांचे फोटो काढले. निजामाच्या हैदराबादेत दीनदयाळांना १८९२ ला वेगळा जनाना स्टुडिओ काढावा लागला, तिथे सगळा कारभार बायकांकडे, एक इंग्रज बाई तो बघायची. ही राजेरजवाड्यांची सोय झाली. नाशिक जिल्ह्यातल्या मधल्या फळीतल्या सरदाराच्या घरातली बाई मुंबईच्या स्टुडिओत जाऊन खुर्चीत बसते हे मला सुरुवातीपासनं खटकत होतं, पण मी ते मनाच्या कोपऱ्यात टाकून दिलं, कामाला लागलो.

फ्रेम उघडली. मागची लाकडी फळी, मग १९५० च्या आसपासच्या वर्तमानपत्राची घडी, मग कार्ड. साधारण सव्वाचार बाय साडेसहा इंच, म्हणजे ज्याला कॅबिनेट कार्ड म्हणतात ते. हा साइज विलायतेत १८६६ ला आला, त्याच्या आधी चालायचं ते व्हिजिटिंग कार्डाएवढं छोटं, अडीच बाय चार इंचाचं, कार्त द व्हिजित, फ्रान्समध्ये त्याचं पेटंट १८५४ चं. छोटं कार्ड लोक एकमेकांना वाटायचे, अल्बममध्ये खोचायचे, कॅबिनेट कार्ड टेबलावर किंवा फ्रेममध्ये.

मग लूप, म्हणजे डोळ्याला लावायचं भिंग, लावला. (ज्यांना कोणाला घरचा जुना फोटो ओळखायचाय त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगतो, बाकीच्यांनी पुढे जा.) १८५० पासनं पुढची चाळीसेक वर्षं बहुतेक सगळे फोटो अल्ब्युमेन कागदावर छापले जायचे, म्हणजे कागदावर अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर आणि त्यात चांदीचे क्षार. कडक सोवळ्यातल्या किती घरांत देवघराशेजारी आजोबांचा फोटो अंड्याच्या बलकावर टांगलाय हे त्या आजोबांना कळलं असतं तर काय झालं असतं कोण जाणे. असो. अल्ब्युमेनचा कागद पातळ असतो आणि लूपखाली कागदाचे तंतू स्पष्ट दिसतात, पांढरे भाग पिवळट पडलेले असतात, पृष्ठभागावर बारीक बारीक तडे असतात. नंतर जिलेटिनचे कागद आले, त्यात कागद आणि चित्र यांच्या मधे पांढऱ्या बॅरायटाचा थर असतो त्यामुळे तंतू दिसत नाहीत, आणि काळोख्या भागांवर तिरकं बघितलं की निळसर चंदेरी झाक मारते, आरशावर श्वास सोडल्यासारखी.

आपल्या फोटोत तंतू नव्हते. चंदेरी झाक होती, पदराच्या काळोख्या घड्यांवर भरपूर. म्हणजे प्रिंट जिलेटिनची, १८९० च्या आधीची नाही असं धरून चालायला हरकत नाही, कदाचित विसाव्या शतकाची पहिली वर्षं.

हे मी दोघांना सांगितलं आणि आप्पा खुश. नव्वदनंतरची प्रिंट, अंगावर कुंकू-नथ, मग पणजीच, दुसरी कोण! दादा काही न बोलता चहा पीत बसले. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला वाईट वाटलं म्हणून असेल किंवा काम अर्धं वाटत होतं म्हणून असेल, मी म्हटलं अजून दोन दिवस द्या.

दोन दिवसांत जे सापडलं त्याने पारडं फिरलं. मी कार्ड २४०० डीपीआयला स्कॅन केलं आणि स्क्रीनवर मोठं करून बघत होतो तेव्हा लक्षात आलं की फोटोत दोन प्रकारचे ओरखडे आहेत. काही खरे, म्हणजे प्रिंटच्या अंगावर पडलेले, टॉर्च आडवी धरली की त्यांची कड चमकते. आणि काही नुसते चित्रातले, म्हणजे डोळ्याला ओरखडा दिसतो पण टॉर्चखाली तिथे पृष्ठभाग गुळगुळीत. बारीक तडेही तसेच, अल्ब्युमेनला पडतात तसे तडे, पण जिलेटिनच्या सपाट कागदावर छापलेले. याचा अर्थ एकच, हा फोटोचा फोटो आहे. जुनं छोटं कार्ड समोर ठेवून स्टुडिओने त्याची कॉपी निगेटिव्ह केली आणि मोठ्या कार्डावर छापून दिली. हे तेव्हा सर्रास चालायचं, आजही माझ्या दुकानात तेच चालतं फक्त फोनवरनं.

म्हणजे प्रिंट १९०० च्या आसपासची, पण बाई त्याच्या कितीतरी आधीची असू शकते. दादांना फोन केला, थोरल्या आऊसाहेब असू शकतात म्हटलं. इथे मी चुकलो. असू शकतात एवढंच म्हणायचं होतं, पण फोनवर माझा सूर असा लागला की दादांनी संध्याकाळपर्यंत सगळ्या भाऊबंदांना कळवून टाकलं, शिक्कामोर्तब झालं, नाशिकच्या एक्स्पर्टने सांगितलं. एक्स्पर्ट कसला, बॅनरवाला.

आप्पा दुसऱ्या दिवशी तावातावाने दुकानात. त्यांचा एक मुद्दा बरोबर होता, थोरली वारली कधी ते तर आधी ठरवा. घरातल्या कागदात तारीख नव्हती. मग रामकुंडावर गेलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पंचवटीतल्या तीर्थोपाध्यायांकडे यजमान घराण्यांच्या वह्या असतात, गावागावाच्या, आडनावाच्या, कोण आलं, कोणाचं श्राद्ध केलं, घरात कोण आहे कोण गेलं, पिढ्यान् पिढ्या. जुन्या नोंदी मोडीत. यांच्या गावाचे उपाध्ये ठरलेले, वही निघाली, मोडी वाचणारे एक निवृत्त मास्तर आप्पांनी आणले होते. दोन तास गेले, डास चावले, पण मिळालं. थोरली शके १७८६ मध्ये अहेव वारली, म्हणजे १८६४-६५. सरकार शके १८०३ मध्ये, म्हणजे १८८१-८२. त्यानंतर पुढच्या नोंदीत दत्तक मुलाचं नाव. धाकट्या आऊसाहेबांचीही नोंद होती पुढच्या एका पानावर, पण तिच्याकडे तेव्हा कोणी लक्ष दिलं नाही, मीही नाही.

१८६४ मध्ये मुंबईत फोटो काढणं अशक्य नव्हतं. पण थळ घाटातनं आगगाडी सुरू झाली १८६५ च्या जानेवारीत. त्याच्या आधी मुंबईला जायचं म्हणजे घाट बैलगाडीने किंवा मेण्यातनं उतरायचा. सरदार एखादवेळेस गेले असतील कामाला, सोबत बायको, आणि तीही स्टुडिओत? मनात कोपऱ्यात टाकलेली शंका परत वर आली. तरी मी गप्प, कारण फिरतीवरचे फोटोग्राफरही असायचे आणि एकदा तोंड पोळलं होतं.

लुगड्याचाही एक मुद्दा निघाला तो सांगतो, कारण तिथेही मी शहाणपणा केला. दादांच्या सूनबाई म्हणाल्या, लुगडं पांढरं दिसतंय, सवाष्ण पांढरं कशी नेसेल? प्रश्न अगदी सरळ आणि योग्य होता. मी त्यांना समजावलं की त्या काळच्या निगेटिव्हच्या, म्हणजे कलोडियनचा थर दिलेल्या काचा फक्त निळा-जांभळा उजेड पकडायच्या, निळा रंग त्यांच्यावर जवळजवळ पांढरा यायचा आणि लाल-पिवळा काळा. म्हणून जुन्या फोटोत लाल पगडी काळी दिसते, सोनं काळपट दिसतं, कुंकू तर डांबरासारखं. तेव्हा हे लुगडं आकाशी असेल. त्या बिचाऱ्या गप्प बसल्या. माझं शास्त्र बरोबर होतं आणि उत्तर चूक, असं होतं कधीकधी.

आता मुख्य गोष्ट. मी अख्ख्या कार्डाची ए-थ्री प्रिंट काढली, अंडाकृती माउंट नसलेली, म्हणजे आजवर पुठ्ठ्याखाली झाकलेला भाग पहिल्यांदाच मोठा दिसणार होता. खुर्चीचे झालरीचे हात, मागचा रंगवलेला पडदा, एका बाजूला छोट्या टेबलावर पुस्तक. हे सगळं स्टुडिओचं भांडवल असतं. खांब, पडदा, पुस्तक, फुलदाणी, तेच सामान एका सरदाराच्या मागे, तेच पारशी शेठच्या मागे, तेच कलेक्टरच्या बायकोच्या मागे. साहेबाच्या घरच्या तैलचित्रांची ही नक्कल, आणि आपल्याकडच्या बड्या घरांनी ती हौसेने घेतली, अक्षर न वाचणाऱ्याच्या हातातही पुस्तक दिलेलं असायचं. मी त्या खुर्चीच्या झालरीवर खुश होतो कारण झालरवाल्या खुर्च्यांची फॅशन साधारण सत्तरच्या दशकातली, आणि ते सांगायलाच प्रिंट घेऊन वाड्यावर गेलो.

वाड्यात या दोघांच्या आत्या राहतात, सगळे आक्का म्हणतात, वय शहाऐंशी. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, पण काठी बाजूला ठेवून प्रिंट मांडीवर घेतली. दादा आणि आप्पा दोन बाजूंनी माहिती देत होते, मी झालरीबद्दल सुरू केलं. आक्का ऐकतच नव्हत्या. बोट खाली खाली सरकत गेलं आणि मांडीवरच्या हाताशी थांबलं.

"हात मोकळाय की हिचा."

कोणाला काही कळलं नाही. मग त्यांनी जरा चिडून सांगितलं, बांगड्या कुठायत? एवढी नथ घातली, एवढं कुंकू लावलं आणि हातात एक काकण नाही? कोणती सवाष्ण मोकळ्या हाताने बसेल, तेही फोटो काढायला?

डावा हात मांडीवर, मनगट पूर्ण उघडं. तो हात मी दोन हजार चारशे डीपीआयला आठवडाभर बघत होतो. स्पॉटिंग करताना त्या मनगटावरचे धुळीचे ठिपके एकेक करून मी स्वतः काढले होते. आणि मला ते दिसलं नव्हतं, काय बोलणार.

त्या रात्री दुकान बंद करून परत कार्ड काढलं. आता काय शोधायचंय ते माहीत होतं त्यामुळे अर्ध्या तासात सगळं समोर आलं. टॉर्च आडवी धरली, कपाळावरच्या कुंकवाचा ठिपका मंद, बाकी सगळा पृष्ठभाग चकाकतोय. म्हणजे ते कुंकू छापलेलं नाही, प्रिंटवर ब्रशने लावलंय. आधीही मला तो मंदपणा दिसला होता पण काचेवरचं पूजेचं कुंकू कधीतरी आत झिरपलं असेल असं समजून सोडून दिलं होतं. लूपखाली कड बघितली, अगदी कोरीव. आणि शेजारचे डोळे, भुवया मात्र मऊ, कॉपी केल्यावर येतात तशा. एकाच चेहऱ्यावर कुंकू इतकं शार्प आणि डोळे इतके सॉफ्ट असं कसं होईल.

मग नथ. तिचे मोती पृष्ठभागावर रंगवलेले नव्हते, चित्रातच होते, म्हणून मी फसलो. पण काचेच्या निगेटिव्हवर जिलेटिनच्या बाजूने पेन्सिल फिरवली की तो भाग प्रिंटमध्ये पांढरा येतो, रिटचवाले सुरकुत्या घालवायला हेच करायचे, तसे टोकदार पेन्सिलीने दहा-बारा ठिपके गोलात दिले की झाली मोत्याची नथ. काळं करायचं असेल तर निगेटिव्ह खरवडावी लागते, ते जिकिरीचं, म्हणून कुंकू नंतर प्रिंटवर ब्रशने. आणि उजेड डावीकडनं येतोय, नाकाची सावली उजव्या गालावर पडलीये, पण नथीची सावलीच नाही. एवढी टपोरी मोत्यांची नथ आणि गाल स्वच्छ.

बांगड्या का नाही रंगवल्या? कारण फोटो अंडाकृती माउंटमध्ये बसणार हे रिटचवाल्याला माहीत होतं, हात पुठ्ठ्याखाली जाणार. जेवढं दिसणार तेवढंच काम, आम्ही सगळे असेच.

पायही नाहीत, कॉपी करताना गुडघ्याखालचा भाग काढून टाकलाय, म्हणजे जोडव्यांचा प्रश्न मिटला. पण खालच्या डाव्या कोपऱ्यात काढताना थोडं राहून गेलं, मूळ छोट्या कार्डाचा कोपरा तिथे अंधुक दिसतो आणि तो गोल आहे. साठच्या दशकातल्या कार्डांचे कोपरे चौकोनी असायचे, गोल कोपरे आले सत्तरनंतर. नुसत्या कोपऱ्यावर मी पैज लावली नसती, कात्रीने कोणीही गोल करू शकतो. पण कोपरा, झालरीची खुर्ची, मोकळं मनगट, उसनं कुंकू, पांढरं लुगडं, हे सगळं मिळून ती १८६४ मध्ये गेलेली थोरली नाही. आप्पांची पणजीही नाही, ती शेवटपर्यंत सवाष्ण होती, तिच्या फोटोवर कुंकू रंगवायची वेळच आली नसती. उरते ती धाकटी. सरकार गेल्यानंतर, म्हणजे ऐंशीच्या दशकात, दत्तक घेतला त्या काळात काढलेला फोटो.

विधवा बाई फोटोला का बसली असेल, यावर माझा अंदाज आहे तो सांगतो, अंदाज म्हणूनच घ्या. दत्तक घेणारी विधवा म्हणजे त्या घटकेला घराण्याची मालक. आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण सगळ्यांना माहितीये, मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचा गोपाळराव, बारा वर्षांचा पोरगा, त्याला १८७५ च्या मे महिन्यात बडोद्याच्या जमनाबाईंनी मांडीवर घेतला आणि तो सयाजीराव गायकवाड झाला. जमनाबाई खंडेराव महाराजांच्या विधवा. डलहौसीने दत्तक नामंजूर करून संस्थानं गिळलेली लोकांच्या डोक्यात ताजी होती, १८५७ नंतर सरकारने दत्तकाच्या सनदा दिल्या तरी भीती जात नाही. मोठ्या घरातल्या विधवेला तेव्हा वकील, कारकून, कलेक्टर कचेरी हे सगळं बघावं लागायचं, पडद्याआडनं का होईना. जिच्या सहीवर कारभार चालतो ती बाई रेल्वेने मुंबईला जाऊन एकदा खुर्चीत बसली असेल तर मला नवल वाटत नाही, थोरली बैलगाडीने गेली असेल यापेक्षा तर हे कितीतरी सोपं आहे. तोवर कॅमेऱ्याची भीतीही तेवढी उरली नसावी, निदान पैसेवाल्यांत. सर्वसामान्यांत मात्र होती आणि बरीच वर्षं टिकली. आपले दादासाहेब फाळके, त्र्यंबकेश्वरचे, सिनेमाच्या कितीतरी आधी त्यांनी गोध्र्याला फोटो स्टुडिओ टाकला होता आणि कॅमेरा अंगातली शक्ती खेचून घेतो या समजुतीने गिऱ्हाईक यायला घाबरायचं.

आणि कुंकू कोणी लावायला सांगितलं? कॉपी झाली १९०० च्या आसपास, तेव्हा घरात कर्ता माणूस दत्तक पुत्र. सरकारांचा फोटो दिवाणखान्यात, तलवार-पगडीतला, त्याच्या शेजारी लावायला जोडीचा फोटो हवा. थोरलीचा फोटो नाहीच. आहे तो धाकटीचा, पांढऱ्या लुगड्यातला, मोकळ्या कपाळाचा. मुंबईला पाठवला, सांगितलं असं असं करून द्या. तेव्हा स्टुडिओत हाताने रंगवून देणारे कलाकार असायचेच, लघुचित्रांच्या परंपरेतले लोकही या धंद्यात आले होते, दागिने चढवणं, जरीकाठ काढणं हे रोजचं काम. फसवायचं म्हणून केलं असेल असं मला वाटत नाही. पण दोनतीन पिढ्यांत सांगणारे गेले, कपाळावर कुंकू दिसतंय म्हणजे ही अहेव गेलेली, म्हणजे ही थोरली, म्हणजे नवमीचा मान हिचा, अशी साखळी लागली आणि पाऊणशे वर्षं विधवेच्या फोटोची सवाष्ण म्हणून ओटी भरली गेली.

हे सांगायला वाड्यावर गेलो तेव्हा पोटात गोळा होता. अनंतचतुर्दशी होऊन गेली होती, नवमी आठ-दहा दिवसांवर. दादा एकदम म्हणाले, कॉम्प्युटरवर कुंकू पुसून द्या, खरं काय ते लावू. आप्पा म्हणाले, अजिबात नाही, आपल्या आजोबा-पणजोबांनी लावलंय, आपण कोण पुसणारे, आणि गंमत म्हणजे आतापर्यंत ज्यांचं कशावरच जमत नव्हतं ते दोघं याच्यावर अर्धा तास भांडले पण आवाज चढला नाही. सूनबाईंनी माझ्याकडे बघून फक्त एवढंच विचारलं, आकाशी का हो? मी चहाचा कप तोंडाला लावला.

आक्का मधेच म्हणाल्या, मग हिची तिथी कधी?

कोणालाच माहीत नाही. घरात धाकट्या आऊसाहेबांचं श्राद्ध कधी वेगळं केलेलं कोणाला आठवत नव्हतं, सर्वपित्रीला सगळ्यांबरोबर होत असेल तेवढंच. जिने दत्तक घेतला म्हणून हे सगळे आज त्या ओसरीवर बसले होते, तिची तिथी माहीत नाही. मला रामकुंडावरची ती नोंद आठवली, पुढच्या पानावरची, जिच्याकडे आम्ही बघितलं नव्हतं. आप्पांनी तिथूनच मास्तरांना फोन लावला. मास्तर सकाळी वहीकडे गेले, नोंद वाचून दाखवली, कार्तिक वद्य पंचमी. आक्कांनी कालनिर्णय खाली काढायला लावलं, नोव्हेंबरच्या पानावर स्वतःच्या हाताने गोल केला, पेन चालेना म्हणून दोनदा.

नवमीला थोरलीसाठी पाटावर सुपारी मांडली, तिचा फोटो कधी काढलाच गेला नव्हता. ओटी, सवाष्ण, सगळं झालं नेहमीसारखं.

फोटोचं काम असं ठरलं: दोन प्रिंट, दोघांना एकेक, सारख्याच. कुंकू आणि नथ आहे तशी, एकही ठिपका बदलायचा नाही. पण फ्रेम चौकोनी, अख्खं कार्ड दिसेल अशी, मनगटासकट. मूळ कार्ड आम्लविरहित कागदात गुंडाळून आक्कांच्या कपाटात. कार्तिकातल्या त्या पंचमीला मला जेवायला बोलावलं होतं, दुकानात लग्नाच्या अल्बमची घाई होती म्हणून जाता आलं नाही, डबा आला. अंडाकृती माउंट न्यायला मात्र कोणी आलं नाही, तो अजून माझ्याच ड्रॉवरमध्ये पडलाय.